पावणेदोन वर्षांची लेक, दिवसाला २४० व्यायाम आणि मी

रानजाई (चिंचवड)

लेकीच्या व्यायामांचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. बारा व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काल रात्री ओटा पुसताना गुणाकार केला: दिवसाला २४०. मी बँकेत काउंटरवर असते. साडेनवाला घर सोडते, सातला परत येते. माझ्याच्यानं ४० सुद्धा होत नाहीत, आणि त्यातले निम्मे ती रडत असताना.

लेक ३१ आठवड्यांची जन्मली, १ किलो ४०० ग्रॅमची. २६ दिवस काचेच्या पेटीत होती. आता २१ महिन्यांची आहे. अकराव्या महिन्यात बसली. रांगते, पण दोन्ही पाय एकदम ओढत, सशासारखी. दिवाणाला धरून उभी राहते तेव्हा टाचा टेकत नाहीत. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला थोडी इजा दिसते म्हणाले. डॉक्टरांनी 'डायप्लेजिया' (सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचाली अडतात त्याचा, मुख्यतः पायांवर येणारा प्रकार) हा शब्द उच्चारला आणि पुढच्याच वाक्यात "पण आत्ताच शिक्का मारायला नको" असं सांगितलं. हात छान चालतात. बोलते भरपूर, त्यात 'नको' सगळ्यात स्पष्ट.

आठवड्यातून तीनदा फिजिओ, दर खेपेला ५०० रुपये, रिक्षा वेगळी. सासूबाई घेऊन जातात. रोजची मालीशही त्याच करतात. त्यांनी हौसेनं सावंतवाडीहून पांगुळगाडा मागवला, तो आता कपाटावर आहे, कारण फिजिओताई म्हणाल्या "वॉकर अजिबात नको". त्यावरून घरात आठवडाभर अबोला.

घरी नक्की काय आणि किती करायचं? ती रडत असली तरी रेटायचं का? आणि जे होत नाही त्याची टोचणी लागून राहते, तिचं काय करता तुम्ही लोक?

सदाशिवसुत

काळजी सोडा. आमचे धाकटे बंधू अडीच वर्षांचे होईतो बसल्या जागी राज्य करत. पुढे सिंहगड किती वेळा चढले याची मोजदाद नाही. प्रत्येक मुलाची वेळ असते. हल्ली सगळ्याचे तक्ते झालेत, म्हणून आईबापांची झोप उडते.

तिफण (सोलापूर)

सदाशिवसुत, बंधूंना नमस्कार, पण इथे त्यांचा दाखला चालणार नाही. मी लहान मुलांची फिजिओ आहे, चौदा वर्षं हेच करते. तक्त्यांचा राग मलाही येतो, पण एक तक्ता कामाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली, २००६ साली आकडे छापले. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने. केवढा मोठा पल्ला आहे बघा! त्यामुळे चौदाव्या महिन्यात चालत नाही म्हणून कुणी आलं तर मी चहा पाजून परत पाठवते. चारेक टक्के मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट चालायला लागली. पण अठरा महिने उलटले आणि पाऊल नाही, तर बघायलाच हवं.

आणि नुसतं वय बघून भागत नाही. कसं करतं तेही बघायचं. टाचा वर, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, रांगताना दोन्ही पाय एकदम, यातलं काही दिसलं तर 'होईल आपोआप' म्हणत बसू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

रानजाई, तुमची लेक नऊ आठवडे आधी आली, म्हणजे वाढीच्या हिशोबात तिला १९ महिन्यांची धरा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत असंच मोजायचं. तरीही थेरपी वेळेवर सुरू झालीय ती योग्यच.

आता तुमचा कागद. बारा व्यायामांचा कागद देणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. मीही नवीन होते तेव्हा असे कागद वाटलेत, वर शिक्का मारून. पुढच्या खेपेला विचारायची, "केलं का?" आया "हो" म्हणायच्या आणि खाली बघायच्या. हळूहळू कळलं की बारा लिहिले की शून्य होतात, तीन लिहिले की तीन होतात.

दुसरं असं, की पाय कुणीतरी धरून दहा वेळा वाकवला तर व्यायाम त्या धरणाऱ्याचा होतो. मूल शिकतं ते स्वतःला काहीतरी हवं असताना, स्वतः धडपडून, पुन्हा पुन्हा. सेरेब्रल पाल्सीवरच्या संशोधनाचा आढावा ऑस्ट्रेलियाच्या इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये घेतला, त्याचं सारही जवळपास हेच आहे. मुलानं स्वतः केलेला, ठरावीक कामाचा सराव उपयोगी पडतो, घरच्या रोजच्या सरावासकट. नुसतं हातानं ताणत राहण्याचा फायदा फार थोडा.

तुमच्या फिजिओताईंना एकच विचारा: "या बारातले कुठले तीन?" त्या रागावणार नाहीत. रागावल्या तर मला कळवा.

रानजाई

'केलं का' आणि 'खाली बघणं' वाचून हसू आलं आणि थोडं रडूही. तीन कुठले असतील असा अंदाज तरी सांगाल का? मी त्यांना विचारीनच.

तिफण

न बघता सांगतेय, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. टाचा न टेकणाऱ्या, हात चांगले असलेल्या, धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला मी साधारण हे देते.

बसून उठणं. लहान स्टूल घ्या. बसल्यावर गुडघे काटकोनात आले पाहिजेत आणि टाचा फरशीवर. समोर चौरंगावर तिला हवी ती वस्तू. वस्तू घ्यायला उठायचं, घेऊन बसायचं. तुमचे हात तिच्या गुडघ्यांवर, टाचा खाली राहतील इतकाच दाब. ओढून उठवायचं नाही. सुरुवातीला स्टूल थोडं उंच घ्या, जमलं की बुटकं. मी एका घरी पाटावर पाट रचून हे केलंय, आठवड्याला एक पाट काढायचा.

दिवाणाच्या कडेनं आडवं चालणं. या टोकाला ती, त्या टोकाला डबा. स्टीलचा, आत काहीतरी वाजणारं. प्लास्टिकच्या महागड्या खेळण्यांपेक्षा चमचे भरलेला डबा मुलांना जास्त वेळ पुरतो.

तिसरं तुम्ही आधीच करत असाल: कडेवर घेणं. आपल्याकडच्या बायका मूल कमरेवर पाय फाकवून घेतात ना, तेच. मांड्या आतून आवळत असतील तर त्या आपोआप मोकळ्या राहतात. दोन्ही पाय एका बाजूला टाकून घेऊ नका. बाबांच्या मांडीवर घोडा-घोडा हेही त्याच जातीचं.

पाय मागे दोन्हीकडे टाकून फतकल मारून बसते का? ओरडू नका, पाय पुढे काढून द्या किंवा स्टुलावर बसवा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभी करू नका. मऊ गादीवरही नको, पाय रुततात. अनवाणी, नाहीतर खाली गोधडी.

रडण्याबद्दल. कंटाळ्याचं रडणं आणि दुखण्याचं रडणं आईला कळतं. कंटाळली तर थांबा, अर्ध्या तासानं दुसऱ्या खेळातून तेच करा. दुखत असेल तर लगेच थांबा आणि थेरपिस्टला सांगा. भूक, झोप, जुलाब, लस या दिवशी सुट्टी.

आणि दोन तपासण्या विसरू नका. एवढ्या लवकर जन्मलेल्या मुलांचे डोळे पुन्हा एकदा बघून घ्यावेत. खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा हेही विचारून ठेवा. खुबा हळूहळू सरकतो, दुखायला लागेपर्यंत वरून काही कळत नाही.

खडीसाखर (वाई)

मी आजी आहे, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या बाजूची. माझा नातू उशिरा चालला, त्याचं सगळं मी केलं. एक सांगते, राग मानू नका. थेरपीला मी न्यायची, तासभर बाकावर बसायची, आणि संध्याकाळी सून येऊन मला सांगायची, "आई, असं नाही करायचं." मी म्हणायचे, तुला कुणी सांगितलं, तिथे तर मी होते! ज्याच्या हाताला मूल दिवसभर असतं, त्याला त्या खोलीत घ्या आणि त्यालाच शिकवा. आमच्या थेरपिस्टनं एक दिवस मला आत बोलावलं आणि माझा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून दाखवलं. त्यानंतर सुनेशी वाद संपले. (दुसऱ्या विषयांवर चालू आहेत.)

मालीश बंद करायला लावू नका हो. मालीशनं पायात ताकद येत नाही हे मला आता समजलंय, पण तो आमचा वेळ असतो. पाय धरून उलटं करणं, हातपाय आडवे-तिडवे खेचणं तेवढं सोडायचं. अंघोळीनंतर अंग मऊ असतं, तेव्हा मी त्याचा गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच वर दाबून धरायची, तीस आकडे म्हणून. त्याला एक ते तीस त्यातच आले.

पांगुळगाड्याचं मात्र मलाही जाणून घ्यायचंय. आमच्या सात पिढ्या त्यावर चालल्या.

तिफण

आजी, तुमची तीस आकड्यांची पद्धत मी चोरणार.

पांगुळगाडा आणि बाजारातला गोल वॉकर, दोघांनाही लोक वॉकर म्हणतात, तिथे गोंधळ होतो. गोल वॉकरमध्ये मूल कापडी आसनात लटकतं, चवड्यांनी ढकलत फिरतं. चालणं त्यानं लवकर येत नाहीच, शिवाय जिन्यावरून पडून डोकी फुटतात. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्यात वजन मुलाच्या स्वतःच्या पायांवर असतं, म्हणून तो त्या पापात नाही. पण ज्या मुलाच्या टाचा उचललेल्या आहेत त्याच्यासाठी तो फार हलका पडतो. गाडा पुढे पळतो, मूल पुढे झुकतं आणि आणखीच चवड्यांवर जातं. पायात स्प्लिंट (पाऊल-घोटा सरळ धरणारा साचा) आल्यावर, गाड्यावर दोनेक किलो गव्हाची पिशवी बांधून, दांडा छातीच्या उंचीला येत असेल तर तो कामाला येऊ शकतो. कपाटावरून उतरवायचा मुहूर्त तुमच्या थेरपिस्टला काढू द्या.

शेवगाशेंग

धाग्यात घुसते, माफ करा. माझा मुलगा १९ महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा, बोलतो फटाफट, पण अजून चालत नाही. पोटऱ्या चांगल्या टणक, भरलेल्या आहेत, सगळे म्हणतात पैलवान होणार. दोन डॉक्टर थांबा म्हणाले.

तिफण

घाबरवायचं नाहीये, आणि अंदाजही बांधत नाहीये. पण अठरा महिने होऊनही न चालणाऱ्या मुलग्यांमध्ये सीपीके नावाची एक साधी रक्ततपासणी करून घ्यावी. स्नायूंचे काही आजार मुलग्यांत दिसतात, ते त्यात लवकर कळतात. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. तिसऱ्या डॉक्टरांना 'थांबू का' विचारू नका, 'सीपीके करू या का' असं विचारा.

सांजवात (नाशिक)

रानजाई, माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, उजवी बाजू कमजोर. आमचा प्रश्न पायापेक्षा हाताचा. सात महिन्यांचा असताना सगळं डाव्या हातानं घ्यायचा. घरात कौतुक: डावखुरा होणार, हुशार निघणार. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनीही हसून सोडून दिलं. उजवी मूठ मिटलेली असायची, अंगठा आत. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर तो डावखुरेपणा नसतो, दुसऱ्या हाताची तक्रार असते, हे मला दीड वर्षाचा झाल्यावर एका ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (हातांची, रोजच्या कामांची थेरपी देणाऱ्या) सांगितलं. त्या मधल्या अकरा महिन्यांचा मी पुष्कळ हिशोब मांडला. आता मांडत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. चांगल्या हातावर एक हातमोजा, त्याला डोळे-मिशा शिवून 'झोपलेला बोका' केला. बोका झोपलाय तोवर सगळं उजव्या हातानं. रोज दोन तास, पण वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, काही आठवडे. हे थेरपिस्टच्या देखरेखीखाली, मनानं करू नका, कारण मूल वैतागलं तर दोन्ही हात टाकून बसतं. मग बोका उठला की दोन हातांची कामं. तिथे आपलं स्वयंपाकघर म्हणजे खजिना. मटार सोलायचे: एका हातानं शेंग धरा, दुसऱ्यानं चीर. गवार मोडायची. कणकेचा गोळा, छोटं पोळपाट-लाटणं. लाटणं एका हातानं फिरतच नाही, दुसरा हात यावाच लागतो. सांगावं लागत नाही!

चिमटीसाठी चुरमुरे, एकेक. फुटाणे, शेंगदाणे, साबुदाणा असलं काही लहान वयात नको, घशात अडकतं किंवा नाकात जातं. (साबुदाण्याचा दाणा आमच्याकडे नाकात गेलेला आहे. त्याची कथा वेगळ्या धाग्यात.)

आणि दिवाळीचा किल्ला. तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा मातीत बसवला. थेरपीत जो हात उघडायला मी जिवाचं रान करायची, तो हात बुरूज थापताना आपोआप सपाट झाला. त्या वर्षी आम्ही किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडला नाही. सासरे रोज थोडा ढासळवून ठेवायचे, त्याला डागडुजी करायला मिळावी म्हणून.

गप्पीदास

आमच्या ओळखीत एकांकडे विशेष तेल मिळते, २१ दिवसांत गुण. शिवाय आता स्टेमसेलचे (मूळ पेशींचे) इंजेक्शन निघाले आहे, तीन लाखांत मूल चालते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सांजवात

व्यनि करायची गरज नाही, इथेच बोलू. त्या तीन लाखांच्या माहितीपत्रकावर 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो असतात ना? दोन फोटोंच्या मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं, आणि त्या काळात मूल थेरपीही घेत असतं, वाढतही असतं. माझ्या बहिणीनं माझ्यासाठी सोनं गहाण ठेवायची तयारी केली होती. आमच्या मेंदूतज्ज्ञांनी विचारलं, "हे पैसे पाच वर्षांच्या थेरपीला, स्प्लिंटला आणि तुमच्या झोपेला पुरतील, तर?" विषय संपला.

तिफण

सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेमसेल हा अजून सिद्ध झालेला उपचार नाही. अभ्यासाचा भाग म्हणून कुठे काही होत असेल तर त्याचे पैसे पालकांकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठायचं.

मांडवीकाठ (पणजी)

आमच्या बायला, म्हणजे लेकीला, डाऊन सिंड्रोम आहे, आता सहा वर्षांची. तुमच्या उलटी गोष्ट: तुमच्याकडे स्नायू आवळलेले, आमच्याकडे सगळं सैल. मान उशिरा धरली, बसली उशिरा, चालली सत्तावीस महिन्यांनी. डाऊनच्या मुलांना ट्रेडमिलवर धरून रोज आठ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस चालवलं तर ती सरासरी १०१ दिवस आधी चालायला लागली, असा अमेरिकेतला २००१ चा अभ्यास आमच्या थेरपिस्टनं दाखवला. ट्रेडमिल कुठून आणू! मिरामारच्या किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर ओली, घट्ट रेती असते, तिथे मी पाठीमागून तिचं कंबरडं धरून चालवायचो. कोरड्या रेतीत नको, पाय खचतो आणि मूल चिडतं. तिला पाण्याच्या कडेला पोचायचं असायचं, मला व्यायाम करून घ्यायचा असायचा. दोघांचंही साधायचं.

डाऊन असलेल्या मुलांच्या आईबापांना एक सूचना: मानेचे सांधेही सैल असू शकतात. कोलांटउड्या, डोक्यावर भार येणारे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. घरचे पाहुणे हौसेनं उलटंपालटं करतात, तिथे तोंड वाईट करायला मी शिकलो.

पळसफूल (यवतमाळ)

मी अंगणवाडी सेविका. तुम्ही सगळे ५००-५०० चं बोलून राह्यले, म्हणून लिहिते. आमच्याकडे लोकांना जायच्या-यायच्या एसटीचंच जड होते. पण एक सोय हाये, ती लोकांना माहीतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये आपल्याच पालघरपासून सुरू झाला. डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. वाढीत मागं पडलेलं लेकरू दिसलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते, तिथं फिजिओ, डोळे, कान, सगळं फुकट. गाडीची वाट पाहायची गरज नाही, सेविकेला सांगा, आशाताईला सांगा, ते चिठ्ठी देतात.

सगळ्या केंद्रांत सगळी पदं भरलेली असतात असं मी म्हणणार नाही. आमच्या एका लेकराले तारीख दोन महिन्यांनी मिळाली. मंग आम्ही काय केलं, पहिल्या खेपेला ताईंनं जे दाखवलं त्याचा माझ्या मोबाइलवर व्हिडिओ काढला. अंगणवाडीत सतरंजीवर बाकीच्या लेकरांसंगं तेच खेळ घेतला. एकट्याले करायला लावलं की रडे, दहाजणं करू लागले की हाच पयले पुढे. खाऊ वाटायच्या वेळी त्याची वाटी उंच ठेवायची, उभं राहूनच घ्यावी लागे.

आईले अशक्तपणा आहे का तेही पाहत जा. लेकरू उचलून उचलून तिची कंबर जाते, तिले कोणी इचारत नाही.

हडसनपार (न्यू जर्सी)

इथे तीन वर्षांखालच्या मुलांना थेरपिस्ट घरी येऊन भेटतात. पहिल्या दिवशी बाई आल्या आणि तासभर मुलाला हातही लावला नाही. मलाच विचारत राहिल्या: सकाळी कोण उठवतं, आंघोळ कुठे, तुम्ही स्वयंपाक करताना तो कुठे असतो? मी मनात म्हटलं, ही चौकशी करायला आलीय की काय. शेवटी म्हणाल्या, डिशवॉशर रिकामा करताना चमचे त्याच्या हातानं काढून घ्या, रोज. वाकणं, उठणं, धरणं, सोडणं, सगळं त्यात आलं. मी मनातून निराश झाले होते, मला काहीतरी यंत्रबिंत्र हवं होतं. तीन महिन्यांनी पोरगा रॅकला धरून उभा राहून चमचे काढत होता. अवांतर: अजूनही फक्त चमचेच काढतो, आता तेरा वर्षांचा आहे.

अर्धविराम

सगळा धागा वाचला. आई, आजी, सून, सेविका, मावशीचं सोनं. मांडवीकाठ सोडले तर बाप कुठे आहेत?

चौथीसीट

इथे. मी रानजाईंचा नवरा. दुपारी लिंक आली, खाली फक्त 'वाच'. सदस्य होऊन पहिलाच प्रतिसाद देतोय.

खरं सांगायचं तर मी घाबरून लांब राहत होतो. तिचा पाय धरला की कडक लागायचा, वाटायचं आपल्या हातून मोडेल. म्हणून मी गाडी काढणं, फी भरणं, एमआरआयची फाइल लावणं, असली कामं घेतली. फाइल फार सुंदर लावली आहे.

कालपासून संध्याकाळचं स्टूल माझ्याकडे. तिला माझी ऑफिसची पिशवी उचकायची असते, ती आता चौरंगावर ठेवतो. किल्ली, चष्म्याचं घर, टिफिन, एकेक वस्तू काढायला उठते, ती घेऊन बसते. काल एकोणीस वेळा उठली. मी मोजलं, तिनं नाही.

सदाशिवसुत

वरचे वाचून पहिला प्रतिसाद मागे घेतो. बंधूंना फोन केला होता. म्हणाले, "मी आपोआप चालायला लागलो हे तुला कुणी सांगितलं? मला मुडदूस झाला होता, आईनं मला रोज उन्हात बसवून कॉडलिव्हर पाजलंय." म्हणजे आपोआप झालेलं नव्हतंच. घरात ही गोष्ट सांगताना कॉडलिव्हर गळालं.

शेवगाशेंग

सीपीके व्यवस्थित आलं. ड जीवनसत्त्व फारच कमी. औषध सुरू आहे, डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांनी पुन्हा बघू, थेरपीही सोबत. ड जीवनसत्त्व कमी पडूनच मुडदूस होतो, म्हणून वर ते वाचून दचकले.

सांजवात

रानजाई, कागदपत्रांचं एक. लेकीचं निदान नक्की झालं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढायला लाजू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ऑनलाइन अर्ज करून मिळतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी 'निरामय' ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. मी तीन वर्षं अर्ज केला नाही, कारण 'माझ्या मुलाला कशाला शिक्का'. थेरपीची बिलं मात्र न चुकता भरली.

रानजाई (पाच महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय.

फिजिओताईंना 'या बारातले कुठले तीन' विचारलं. त्या दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिल्या, मग पेनानं नऊवर काट मारली. म्हणाल्या, "हा कागद मी सगळ्यांनाच देते." पुढच्या वेळी सासूबाईंना आत घेतलं. आता घरात कुणी चुकीचं करत असेल तर त्या त्याला सांगतात, त्यात मीही आले.

निदान पक्कं झालं, डायप्लेजियाच. ते तीन दिवस वाईट गेले, त्याबद्दल इथे नाही लिहीत. खुब्याचा एक्स-रे ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा. डोळ्यांना चष्मा लागला, तो ती रोज एकदा तरी फेकते. फेक चांगली आहे.

पायात स्प्लिंट आले. टाचा टेकल्या. पांगुळगाडा कपाटावरून उतरला, गव्हाच्या पिशवीसकट, सासूबाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं. लेक स्वतंत्र चालत नाही अजून. दिवाणापासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत चार पावलं टाकते, पाचव्याला कोसळते, तिथे त्यांची मांडी असते. काही दिवशी तीन व्यायामही होत नाहीत. रविवारी आम्ही काहीच करत नाही, मुद्दाम.

आता नवा प्रश्न. स्प्लिंटवर बूट बसत नाहीत. तिच्या मापाचे जात नाहीत, मोठे घेतले तर लांबीला बोटभर पुढे, अडखळते. कुठले घेता तुम्ही?

सांजवात

स्प्लिंट घालूनच दुकानात न्या. रुंद तोंडाचे, वेल्क्रोचे, जीभ पार पुढपर्यंत उघडणारे. आतली गादी काढून टाका, तिथेच अर्धा साइज वाचतो. आणि नवे बूट आधी घरात दोन दिवस घालून बघा, संध्याकाळी पाय उघडून लाल खुणा तपासा. अर्ध्या तासानं लाली गेली नाही तर स्प्लिंटवाल्याकडे.

चौथीसीट

शनिवारी जातोय. साइज मी लिहून घेतलाय, फाइलमध्ये लावला.